जन्मदाखल्यावरील नाव आणि कायद्याने ठरणारे पितृत्व

प्रश्न : आम्ही विवाह न करता एकत्र राहतो आणि लवकरच आम्हांला मूल होणार आहे. जन्मदाखल्यावर जोडीदाराचे नाव लागले म्हणजे तो कायद्याने पिता ठरतो का? पुढे त्याने पितृत्व नाकारले तर मी काय करावे?

उत्तर : वैध विवाह टिकून असताना, किंवा तो संपुष्टात आल्यावर आईने पुन्हा विवाह केलेला नसता 280 दिवसांच्या आत जन्मलेले मूल पतीचेच, असे भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम 116 (पूर्वीच्या 1872च्या कायद्यातील कलम 112) धरून चालते. अविवाहित जोडप्याला या गृहीतकाचा आधार नाही. तेथे पुरुषाने पितृत्व मान्य तरी करावे लागते, नाहीतर ते पुराव्याने सिद्ध करावे लागते. जन्मदाखला हा पुरावा आहे, निवाडा नव्हे. म्हणून दोघांत एकमत आहे तोवरच जोडीदाराकडून पितृत्व मान्य करणारे, बाळाची जन्मतारीख आणि आईचे नाव स्पष्ट नमूद असलेले प्रतिज्ञापत्र करून घ्यावे, असा माझा आग्रह राहील.

त्याने नाकारलेच, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली मुलासाठी पोटगीचा अर्ज करता येतो. मूल विवाहबाह्य असले तरी हा हक्क अबाधित आहे, आणि त्या अर्जातच पितृत्वाचा मुद्दा तपासला जातो. डीएनए चाचणी मात्र मागितली की मिळते असे नाही. अशा चाचण्यांचे आदेश सरसकट देऊ नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये गौतम कुंडू खटल्यात बजावले आहे. त्यामुळे एकत्र राहिल्याचा भाडेकरार, परस्परांतील संदेश, प्रसूतीच्या वेळी रुग्णालयात त्याने केलेल्या सह्या हे सारे आधी मांडावे लागते. आदेशानंतरही त्याने चाचणी टाळली, तर न्यायालय त्याच्याविरुद्ध अनुमान काढू शकते.

पितृत्व आणि पालकत्व यांची गल्लत करू नका. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, 1956 नुसार विवाहबाह्य अपत्याची नैसर्गिक पालक प्रथम आई असते. अविवाहित आईने प्रतिज्ञापत्र दिल्यास तिला बाळाचा जन्मदाखला मिळालाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा जोडीदाराची सही मिळेपर्यंत नोंदणी लांबवू नका. जन्माची माहिती 21 दिवसांच्या आत निबंधकाकडे पोहोचेल असे पाहा.