चालक उद्धट बोलला म्हणून समज देण्याऐवजी चलन फाडणं न्याय्य आहे का?

नियम खरंच मोडला असेल तर चलन वैध. समज देऊन सोडणं ही सवलत आहे, हक्क नाही. ती अरेरावीमुळे गेली तर फारशी तक्रार करता येत नाही. गडबड पुढे होते. 50 च्या हद्दीत 58 ने जाणाऱ्याला थांबवलं, तो तोंड वाजवू लागला आणि मग आरसा, टायर, नंबरप्लेट असं शोधून कलमं वाढवली, तर ती शिक्षा वेगाची नाही, बोलण्याची झाली. अमेरिकेत एका चालक बाईने चलन घेतल्यावर मधलं बोट दाखवलं. अधिकाऱ्याने पुन्हा थांबवून जास्त कडक चलन केलं. 2019 मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने अधिकाऱ्यावरचा तिचा दावा चालू ठेवला, कारण पहिलं थांबवणं तेव्हा संपलं होतं आणि नुसतं बोट दाखवणं हे पुन्हा थांबवायला कारण होत नाही.

म्हणून अधिकाऱ्याने समज की चलन हे खिडकीपाशी जाण्याआधीच ठरवावं. नोंदीत ‘उद्धट वागला’ लिहू नये, नेमके शब्द लिहावेत. धमकी किंवा अडथळा मात्र वेगळा गुन्हा.

चालकाने कलम विचारावं, वेळ-जागा टिपावी. कॅमेऱ्याचं चित्रण लवकर मागावं, ते पुसलं जातं. वाद रस्त्यावर नको, न्यायालयात घाला.