तक्ता मी उघडलेला नाही

बडोद्याहून, दांडिया बाजारात राहणाऱ्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी एम. एस. युनिव्हर्सिटीत टी. वाय. बी. कॉम.ला आहे. सीए फाउंडेशन पहिल्या फटक्यात झालं, इंटरमीजिएटचा पहिला ग्रुप दोनदा राहिला. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तिने विषय घेतला, फुटबॉल क्लबला महिला संघात पैसे घालणं परवडतं का. आता म्हणते, ह्याच क्षेत्रात काम करायचं. वडील लिहितात, 'आमच्या भागीदारांनी तिचा तक्ता बघून एका वाक्यात निकाल दिला, आ तो खोटनो धंधो छे (हा तर तोट्याचा धंदा). क्लबलाच परवडत नाही तर हिला पगार कोण देणार? तक्ता सोबत जोडलाय. तिला माहीत नाही. तुम्ही त्यातल्या चुका काढून लेखी द्या, दिवाळीपर्यंत हा विषय संपवायचा आहे.'

'तिला माहीत नाही' पाशी मी थांबले. इंटरमीजिएट दोनदा राहिलं ह्याची मला काही काळजी वाटली नाही; तो ग्रुप भल्याभल्यांचा राहतो. पण वीस वर्षांच्या मुलीचं काम तिच्या मागे आधी भागीदाराला दाखवायचं, मग माझ्याकडे पाठवायचं, आणि वर 'चुका काढून लेखी द्या'? हा सल्ला मागणं नव्हे, साक्षीदार गोळा करणं झालं. तुमच्या दोन पानी पत्रात 'आम्ही ठरवलं' चार वेळा आलंय. ती काय म्हणाली त्याला एक ओळ मिळाली, तीही 'म्हणते' अशी तोंड वाकडं करून.

तक्ता मी उघडलेला नाही. तिने स्वतः पाठवला तर उघडेन, आणि चुका असतील तर त्या तिला सांगेन.

आता तुमच्या भागीदारांच्या वाक्याबद्दल, कारण ते अनेकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. वर्षाअखेरची खोट आणि वाईट गुंतवणूक ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही दुकानाची जागा घेतलीत त्या वर्षी हप्ते आणि पगार जाऊन हातात काय उरलं होतं? आणि आज त्या जागेचा भाव काय आहे? अमेरिकेत वॉशिंग्टन स्पिरिट हा महिला संघ 2022 मध्ये साधारण साडेतीन कोटी डॉलरला विकला गेला. एंजल सिटी हा संघ त्याच वर्षी तिथल्या महिला लीगमध्ये पहिल्यांदा खेळला, आणि 2024 मध्ये त्याची किंमत 25 कोटी डॉलर धरून मालकी बदलली. कॅन्सस सिटीच्या क्लबने तर 2024 मध्ये महिला संघासाठीच 11,500 आसनांचं मैदान बांधलं. हौसेखातर नव्हे, दुसऱ्याच्या मैदानावर भाड्याने खेळलं की पार्किंग, खाणंपिणं, जाहिरातीचे फलक, सगळ्याचा मलिदा मैदानवाल्याच्या खिशात जातो. आणि प्रेक्षक नसतात म्हणाल, तर लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर 1920 च्या नाताळात मुलींचा सामना बघायला 53,000 लोक आले होते. पुढच्याच वर्षी इंग्लिश फुटबॉल संघटनेने आपल्या सदस्य क्लबांची मैदानं बायकांना बंद केली. ती बंदी पन्नास वर्षं टिकली. चालत्या दुकानाला पन्नास वर्षं टाळं लावायचं आणि मग गल्ला का भरत नाही म्हणून विचारायचं, असा हा हिशोब आहे.

दुसरी बाजूही आहे, आणि तीही तिला कळायला हवी. 2024 मध्येच इंग्लंडच्या रेडिंग क्लबने पैसे नाहीत म्हणून आपला महिला संघ दुसऱ्या श्रेणीतून काढून घेतला. पुरुष संघाच्या मालकाच्या खिशावर चालणारा संघ त्या खिशाबरोबरच आटतो. भारतात तर अजून बाजारच उभा राहिलेला नाही. महिलांची राष्ट्रीय लीग 2016-17 ला सुरू झाली, तुमच्याच गावची बडोदा फुटबॉल अकादमी त्यात खेळून आली. 2023 मध्ये भारतीय फुटबॉल महासंघाने क्लबांना सांगितलं की निदान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला 3.2 लाखांचा तरी करार द्या. हे सांगावं लागलं, ह्यातच काय ते आलं. पण पुरुषांचं तरी कुठे ठीक आहे? 2025 चा आयएसएलचा, म्हणजे पुरुषांच्या इंडियन सुपर लीगचा, हंगाम करारांच्या घोळात वेळेवर सुरूच झाला नाही. तेव्हा फक्त महिला फुटबॉलवर पोट भरेल अशी नोकरी आज बडोद्यात मिळेल, असं मी तिलाही सांगणार नाही.

मात्र क्रिकेटकडे बघा. 2023 मध्ये महिला प्रीमियर लीगचे पाच संघ मिळून 4,669.99 कोटींना गेले, त्यात एकट्या गुजरातचे 1,289 कोटी. खेळाडू ठरायच्या आधीच प्रक्षेपणाचे हक्क पाच वर्षांसाठी 951 कोटींना विकले गेले होते, म्हणून ही बोली लागली. आधी टीव्हीचा पैसा, मग संघ. फुटबॉलमध्ये अडलंय ते इथेच. महिला प्रीमियर लीगच्या 2025 च्या हंगामाचा पहिला सामना तुमच्या कोटंबीच्या मैदानावर झाला. भागीदारांना विचारा, तिकीट काढलं होतं का.

राहिलं सीए. इंटरमीजिएट, दोन वर्षांची आर्टिकलशिप म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, फायनल, वाट तुम्हाला माहीतच आहे. गंमत अशी की तिच्या विषयाला हीच वाट सगळ्यात जवळची आहे. 2024 मध्ये इंग्लंडच्या चेल्सी क्लबने आपला महिला संघ स्वतःच्याच मूळ कंपनीला जवळजवळ 20 कोटी पौंडांना विकला आणि क्लबच्या हिशोबात तोट्याच्या जागी नफा उभा राहिला. क्लबने किती तोटा करावा ह्याला इंग्लिश प्रीमियर लीगच्या तेव्हाच्या नियमांत मर्यादा होती आणि महिला संघावरचा खर्च तीत मोजत नव्हते, हेही तिने शोधलं असेल तर मला नवल वाटणार नाही. हे काम सेंटर फॉरवर्डचं नाही, जमाखर्च समजणाऱ्या माणसाचं आहे. देसरला स्पोर्ट्स युनिव्हर्सिटीही आहे, पण आधी इंटरमीजिएट. पदवीच्या मागे पदवी लावून काही होत नाही.

हा परिच्छेद मात्र तिच्यासमोर 'बघ, बाईसुद्धा सीएच म्हणाल्या' असा नाचवू नका. ती बंद करेल ते दोन्ही, पुस्तकही आणि तोंडही. तिसऱ्या प्रयत्नाला बसायचं का, कधी, हे तिला ठरवू द्या, आणि दिवाळीची मुदत मागे घ्या. तिच्या परवानगीवाचून तक्ता दोन जणांना दाखवलात, हे आज रात्री जेवताना तिला सांगा. भागीदारांचं वाक्यही सांगा, गुजरातीतच. उत्तर ती देईल.