हिवाळ्यात घाटासाठी मॅन्युअल की ऑटोमॅटिक? वाचकांचे प्रश्न, गॅरेजमधून उत्तरं

प्रश्न : मी माध्यमिक शिक्षिका आहे. राहायला साताऱ्यात शाहूपुरीला, शाळा केळघर भागात. सकाळी लवकर निघावं लागतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी कण्हेर धरणाच्या बाजूनं दाट धुकं असतं, त्यात उसाच्या ट्रॉल्या. माहेर महाबळेश्वरचं, त्यामुळे केळघर घाटही अधूनमधून होतो. आता नवी गाडी घ्यायची आहे. माझा डावा गुडघा दुखतो म्हणून मला ऑटोमॅटिक हवी. मिस्टर म्हणतात, घाटात आणि थंडीत मॅन्युअलच पाहिजे, ऑटोमॅटिक उतारावर हातात राहत नाही. जानेवारीत याच गाडीनं मनालीला जायचा बेत आहे. बर्फात कोणती चालेल? बजेट दहा लाखांच्या आसपास.
— एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, ऑटोमॅटिक घ्या. गुडघा दुखत असताना केळघरकडे जाणाऱ्या मेढा रस्त्यावर ट्रॉलीच्या मागे सकाळभर क्लच दाबत राहणं बरं नाही. दुखऱ्या पायानं क्लच अर्धवट दाबला जातो, प्लेट घासते आणि ऐन चढावर गाडी बंद पडते. धुक्यात आडवी बंद पडलेली गाडी मागून येणाऱ्याला दिसत नाही. त्यापेक्षा मोठा धोका मला तुमच्या रस्त्यावर दुसरा दिसत नाही.

आता मिस्टरांच्या म्हणण्याबद्दल. त्यांची काळजी खरी आहे, फक्त ती गाडीपेक्षा चालवणाऱ्याला लागू पडते. डिसेंबरात महाबळेश्वरची गर्दी सुरू झाली की घाट उतरून आलेल्या गाड्या आमच्याकडे लागतात. तक्रार एकच, ब्रेक लागत नाही, पेडल खाली जातंय. चाकाजवळ हात नेला तरी धग लागते आणि लायनर जळाल्याचा वास सगळ्या शेडमध्ये भरतो. त्यांत ऑटोमॅटिक असतात तशा मॅन्युअलही असतात. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये घाट उतरलेल्या गाड्या तर सगळ्या मॅन्युअलच. सबंध घाट नुसत्या ब्रेकवर उतरला की ब्रेक ऑइल उकळायला लागतं, आणि मग गिअर कोणताही असो, पेडल पोकळ होतं.

जो गिअर चढायला लागतो, तोच उतरायला ठेवायचा, हे आपल्याकडे जुने ड्रायव्हर सांगत आले. ऑटोमॅटिकमध्येही तसं करता येतं. लिव्हर डी (नेहमीचा ड्राइव्ह) वरून एम (हातानं गिअर बदलायची सोय) वर घ्या, वजा खुणेकडे ढकलून दुसरा गिअर पाडा, गाडी स्वतःहून इंजिनावर धरली जाते. काही गाड्यांत एमऐवजी एल, दोन किंवा एस असतं. डी मध्येच घाट उतरलात तर गाडी मैलेज वाचवायला वरचा गिअर टाकते आणि पळत सुटते. मिस्टरांनी पाहिलेलं बहुधा हेच असावं.

पण ऑटोमॅटिक म्हणजे एकच प्रकार नव्हे. तुमच्या बजेटमध्ये मुख्यतः एएमटी मिळेल. भारतात ती 2014 साली मारुतीच्या सेलेरिओपासून घरोघरी आली. आतला गिअरबॉक्स आणि क्लच प्लेट मॅन्युअलचीच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम यंत्र करतं. म्हणून ती स्वस्त, मैलेजही मॅन्युअलच्या जवळपास आणि दुरुस्ती आपल्याकडे होते. उणीव अशी की गिअर बदलताना क्षणभर ओढ तुटते. ओव्हरटेक करताना हे फार लक्षात ठेवा, आधी एम मध्ये गिअर पाडून मगच बाहेर पडा. दुसरी गोष्ट, चढावर ट्रॉलीच्या मागे थांबल्यावर ॲक्सिलरेटर हलका दाबून गाडी जागेवर धरून ठेवू नका. तेव्हा आत हाफ क्लच चालू असतो आणि प्लेट तापते. ब्रेक दाबूनच थांबा.

थोडं बजेट वाढवता आलं तर टॉर्क कन्व्हर्टरची ऑटोमॅटिक बघा. तिच्यात घासणाऱ्या क्लच प्लेटऐवजी तेलातून ओढ पोचते, त्यामुळे चढावर रांगत चालायला ती फार गुणी. मी स्वतः कायम घाटात चालवणाऱ्याला तीच सुचवतो. पैसे नसतील तर एएमटी घ्या, पण हिल होल्ड असलेलीच. हिल होल्ड म्हणजे चढावर ब्रेकवरून पाय काढला तरी गाडी दोनेक सेकंद धरून ठेवणारी सोय.

शोरूमवाले टेस्ट ड्राइव्हला सपाट रस्त्यावर फिरवून आणतात. तेवढ्यावर समाधान मानू नका. यवतेश्वरचा घाट साताऱ्याच्या उशाशीच आहे. घरची चार माणसं बसवून, एसी लावून तिथे न्या. मध्यावर थांबा, ब्रेक सोडा आणि गाडी किती मागे येते ते पाहा. येताना एम मध्ये दुसरा टाकून उतरा, ब्रेकला कितीदा हात... म्हणजे पाय घालावा लागतो ते मोजा. मिस्टरांना शेजारी नको, स्टिअरिंगवरच बसवा. त्यांची शंका तिथेच फिटेल.

मनालीचं मात्र वेगळं आहे, आणि इथे मला ठासून सांगायचंय. बर्फावर गाडी चालते ती टायरच्या जोरावर. आपल्याकडचे टायर उन्हाळ्याच्या रबराचे. तापमान साधारण 7 अंशांच्या खाली गेलं की ते रबर कडक व्हायला लागतं आणि पकड सुटते. बर्फाचे खास टायर थंडीत मऊ राहतात, त्यांच्यावर तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण अशी खूण असते. एका सहलीसाठी ते घेणं परवडणारं नाही, म्हणून टायरवर चढवायच्या साखळ्या जवळ ठेवा. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांना ओढ पुढच्या चाकांना असते, तेव्हा साखळी पुढेच लावायची. मागे लावून उपयोग नाही.

ताज्या बर्फात निघताना दुसऱ्या गिअरवर निघावं. पहिल्यात चाकाला इतका जोर येतो की ते जागच्या जागी गरगरतं. मॅन्युअलमध्ये हे सोपं. ऑटोमॅटिकमध्ये स्नो मोड किंवा एम मध्ये दुसरा धरता येत असेल तर तेच काम होतं, आणि टॉर्क कन्व्हर्टर निघताना झटका देत नाही हा फायदाच. मॅन्युअलची एक बाजू मी मान्य करतो. गाडी घसरायला लागली की क्लच दाबायचा, चाकं इंजिनापासून सुटतात आणि स्टिअरिंगचं ऐकू लागतात. ऑटोमॅटिकमध्ये त्या घाईत लिव्हर एन म्हणजे न्यूट्रलवर न्यावी लागते, आणि ते सवयीशिवाय जमत नाही. आणखी एक: आपल्या घाटात गिअर पाडून उतरणं हे औषध, पण काचेसारख्या गोठलेल्या रस्त्यावर एकदम खालचा गिअर पाडला तर पुढची चाकं अडकल्यासारखी होऊन गाडी सरळ घसरते. तिथे आधीपासूनच खालच्या गिअरमध्ये, अगदी सावकाश उतरायचं. डोंगराच्या सावलीतली वळणं ऊन चढेपर्यंत तशीच गोठलेली असतात.

माझं ऐकाल तर मनालीपर्यंत आपली गाडी न्या आणि पुढे सोलंग, 9.02 किलोमीटरचा अटल बोगदा, सिस्सू हे सगळं तिथल्या फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ओढ असलेल्या टॅक्सीनं करा. फोर बाय फोर असली तरी ती निघायला मदत करते, थांबायला नाही. म्हणून तिथला ड्रायव्हरच बरा.

निघण्याआधी कूलंट, म्हणजे रेडिएटरमधलं न गोठणारं द्रव, तपासून घ्या. आपल्याकडे रेडिएटरमध्ये साधं पाणी ओतायची सवय आहे. ते रात्री गोठलं तर फुगतं आणि इंजिनाचा ब्लॉकही तडकवू शकतं. बॅटरी जुनी असेल तर इथेच बदला. मॅन्युअल दुसऱ्या गिअरवर धक्का मारून चालू होते, ऑटोमॅटिकला ते चालत नाही, दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून चालू करायला जम्पर केबल बाळगा. रात्री गाडी उभी करताना हँडब्रेक ओढून ठेवू नका, तो गोठून अडकतो. सपाट जागा बघा, पी म्हणजे पार्किंगमध्ये ठेवा, पी नसलेल्या एएमटीमध्ये बंद करण्याआधी गिअर टाका, आणि चाकाला दगडाची उटी लावा.

प्रश्न : सकाळी वाई रस्त्याला धुक्यात चारही इंडिकेटर लावून चालवलं तर चालेल का? हेडलाइट वर ठेवूनही काही दिसत नाही.
— एक वाचक, भुईंज

उत्तर : चारही इंडिकेटर फक्त थांबलेल्या गाडीला. चालत्या गाडीला लावले तर तुम्ही कुठे वळताय ते मागच्याला कळत नाही. हेडलाइट खाली ठेवा. वरचा झोत धुक्यावर आपटून तुमच्याच डोळ्यांत येतो. फॉग लॅम्प असतील तर लावा. काच आतून धुरकटली तर एसी लावून वारा काचेवर सोडा आणि बाहेरची हवा आत येईल असं बटण ठेवा. ट्रॉलीला मागून दिवा नाही असं धरूनच चालवा. हे सदर ट्रॉलीवाले वाचत असतील तर त्यांना हात जोडून विनंती, लाल रिफ्लेक्टरची पट्टी ट्रॉलीच्या मागच्या फळीला पूर्ण रुंदीत चिकटवा आणि ऊस इतका खाली लोंबू देऊ नका की ती झाकली जाईल.