काट्यावर रोज, निर्णय रविवारी

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

७८ वरून ६६ किलोवर आलीस, आणि आता विचारतेस की वजन रोज बघू, की महिन्यातून एकदा मेडिकलच्या काट्यावर बघितलं तरी भागेल? महिन्यानं भागणार नाही. घरी काटा घे आणि रोज सकाळी बघ. त्या आकड्यावरून काही ठरवायचं ते मात्र आठवड्यातून एकदाच, रविवारी.

वजन परत येतं ते हळूच येतं. आठवड्याला १०० ग्रॅम वाढलं तर ड्रेसला कळत नाही, आरशालाही कळत नाही, आणि वर्षात ५ किलो अंगावर चढलेले असतात. १०० ग्रॅम चरबी म्हणजे साधारण ७७० कॅलरी, म्हणजे दिवसाला ११०. तूप लावलेली एक चपाती जास्त झाली की तेवढ्या होतात. त्यात वजन उतरवलेल्या शरीराची भूक वाढलेली असते आणि खर्च कमी झालेला असतो. ७८ किलोच्या शरीराला जे जेवण पुरत होतं ते ६६ च्या शरीराला जास्त होतं. म्हणून उतरवताना लागली त्यापेक्षा जास्त जागरूकता आता लागते. अमेरिकेत १९९४ साली एक नोंदवही सुरू झाली. किमान १३.६ किलो उतरवून ते वर्षभर तरी टिकवलेल्या लोकांची त्यात नोंद होते. त्यातले साधारण पाऊण लोक आठवड्यातून एकदा तरी काट्यावर उभे राहतात.

आता काटा कसा ठेवायचा ते बघ, कारण निम्मा घोळ तिथंच होतो. काट्याच्या चारी पायांत वजन मोजणारे भाग असतात आणि चौघांवर सारखा भार यावा लागतो. आपल्याकडच्या घरांत शहाबादी फरशी, तिचे सांधे वरखाली. एक पाय सांध्यावर आला की किलोभराचा फरक सहज पडतो. एकाच फरशीच्या मधोमध ठेव, चटईवर नको, आणि जागा खडूनं आखून घे. काटा हलवला असेल तर पायानं दाबून एकदा चालू कर, आकडा शून्यावर येऊ दे, मग चढ. काटा खरा आहे का हे बघायला आधी एकटी उभी राहा, मग तांदळाची न फोडलेली ५ किलोची पिशवी हातात घेऊन उभी राहा. फरक ५ च्या आसपास यायला हवा. जिमच्या, दवाखान्याच्या किंवा माझ्याकडच्या काट्याशी तुलना करू नकोस. चरबीचे टक्के दाखवणारे काटे असतात, तो आकडा अंगातल्या पाण्यावर हलतो. त्याच्याकडे बघूच नकोस.

वेळ ठरलेली: उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, चहापाण्याच्या आधी, तशाच हलक्या कपड्यात. एकदाच उभी राहा. मनासारखा आकडा येईपर्यंत तीन-तीनदा चढायचं नाही.

एक आठवडा मांडून दाखवते. सोमवार ६६.२, मंगळवार ६६.५, बुधवार ६६.१. बुधवारी रात्री लग्नाचं जेवण: मसालेभात, भजी, पापड, लोणचं, वर दुधाचा गोड कुंदा. गुरुवारी सकाळी ६७.३. शुक्रवारी ६७.०, शनिवारी ६६.६, रविवारी ६६.३. सातांची बेरीज ४६६, भागिले ७, सरासरी ६६.६. गुरुवारचा आकडा बघून पोटात गोळा येतो ना? पण एका रात्रीत १.२ किलो चरबी चढायला गरजेपेक्षा ९,००० हून जास्त कॅलरी खाव्या लागतील. एका पंगतीत ते होत नाही. वाढलं ते पाणी. मीठ जास्त गेलं की शरीर पाणी धरतं. भात-गोडातली साखर स्नायूंत आणि यकृतात साठते ती दर ग्रॅममागे साधारण ३ ग्रॅम पाणी घेऊनच. शिवाय न पचलेल्या अन्नाचं स्वतःचं वजन असतंच. पाळीच्या आधीचे चार-पाच दिवस हेच होतं. गुरुवारी घाबरून उपास करणारी शुक्रवारी संध्याकाळी हावरटासारखी खाते, आणि खरी वाढ तिथं सुरू होते.

आता सीमारेषा. पहिल्या दोन आठवड्यांची सरासरी हे तुझं मूळ वजन धर. अमेरिकेतल्या रीना विंग आणि सहकाऱ्यांनी २००६ साली ३१४ जणांवरचा एक अभ्यास छापला, त्यात हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे शिकवले होते. लाल पट्टा साधारण २.३ किलो वाढीला लागायचा. दीड वर्षात तेवढं वजन परत चढलेले लोक नुसती पत्रकं मिळालेल्या गटात ७२ टक्के निघाले, समोरासमोर भेटून हे शिकलेल्या गटात ४६ टक्के. माझ्या मते तुझ्यासाठी हिशेब सोपा ठेवावा. रविवारी काढलेली आठवड्याची सरासरी मूळ वजनाच्या वर १ किलोपर्यंत असेल तर काहीच करू नकोस. १ ते २ मध्ये सलग दोन रविवार राहिली तर सात दिवस खाल्लेलं सगळं लिहून काढ. चोर बहुतेक वेळा साखरेचा तिसरा चहा, संध्याकाळची भजी किंवा बंद पडलेलं चालणं यांतच सापडतो. २ च्या वर गेली तर वजन उतरवताना जेवत होतीस तसंच जेवायला लाग, सरासरी परत खाली येईपर्यंत. उपास नको. भाकरी, अळसंद्यांची (चवळीची) उसळ, ताक चालू दे. भात आणि गोड मोजून घे.

आपल्याकडे दोन काळ जड जातात. जून ते सप्टेंबर पाऊस लागतो आणि बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानातलं चालणं थांबतं. त्यातच श्रावणातली साबुदाणा खिचडी, मग गणपती. त्या चार महिन्यांसाठी घरातल्या घरात अर्धा तास चालण्याची किंवा जिना चढण्याची सोय आधीच करून ठेव. दुसरा काळ दिवाळीपासून लग्नसराई संपेपर्यंतचा. सणाच्या आठवड्यातही काट्यावर चढणं चुकवू नकोस. चुकवावंसं वाटतं ते तेव्हाच.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते. आकडा बघून दिवस खराब जात असेल, जेवण टाळावंसं वाटत असेल, दिवसातून चारदा काट्यावर चढावंसं वाटत असेल, तर काटा कपाटात ठेव आणि कुणाकडून तरी आठवड्यातून एकदाच वजन करून घे. तेही जड गेलं तर तेही सोड आणि डॉक्टरांशी बोल. पूर्वी खाण्यावरून असा त्रास झालेल्या मुलीनं रोजच्या वजनाच्या वाटेला जाऊच नये. दोन-तीन दिवसांत २ किलो चढून पाय सुजले, धाप लागली, तर थेट दवाखाना गाठ. काही न करता वजन उतरतच राहिलं तर साखर आणि थायरॉइड तपासून घे.

नोंदीला ॲप लागत नाही. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात पेन्सिलीनं आकडा लिही. सण आणि उपास त्यावर आधीच छापलेले असतात, पाळीची तारीख तू लिहितेसच. कुठला आकडा का उडाला ते तिथंच दिसतं. या रविवारी तांदळाची पिशवी घेऊन काटा तपास आणि सोमवारपासून लिहायला लाग. दोन आठवड्यांचे चौदा आकडे झाले की मला पाठव, तुझं मूळ वजन आपण मिळून ठरवू.

तुझी,
मावशी