पाळीची नोंद ठेवणारं ॲप काढून टाकावं का?

तुम्ही विचारलंय की बरीच वर्षं पाळीचं ॲप वापरताय, मैत्रीण म्हणते "तुझी माहिती विकतात, काढून टाक ते", तर खरंच एवढं घाबरायला हवं का. मी मोबाइल ॲपच्या टेस्टिंगमध्ये काम करते, त्यामुळे ॲपच्या पोटात काय चालतं ते रोज बघते. घाबरू नका, पण मैत्रीणही उगाच बोलत नाहीये.

तुमच्या तारखांची यादी करून कुणी विकायला बसलेलं नसतं. माहिती बाहेर पडते ती वेगळ्या वाटेनं. किती लोक ॲप वापरतात, कुठली जाहिरात बघून आले, हे मोजायला ॲपवाले फेसबुक, गूगल वगैरेंचे तयार कोड आपल्या ॲपमध्ये बसवतात. त्याला एसडीके म्हणतात. तुम्ही बटण दाबलंत की तो कोड त्या कंपनीच्या सर्व्हरला कळवतो, या फोनवर अमुक घडलं. त्या 'अमुक'चं नाव ॲपवाल्यांनीच ठरवलेलं असतं. फ्लो नावाच्या ॲपमध्ये गरोदरपणाचा कितवा आठवडा ते निवडलं की 'आर_प्रेग्नन्सी_वीक_चोझन' अशा नावाची नोंद बाहेर जायची. तुमचं नाव नको, तारीख नको, त्या एका ओळीत सगळं आलं! सोबत फोनचा जाहिरात आयडी, म्हणजे जाहिरातींसाठी फोनला दिलेला ओळख क्रमांक, जातो, मग हा फोन कुणाचा हे फेसबुकला ओळखायला कितीसा वेळ लागणार?

हे 2019 मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलनं उघड केलं. 2021 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं, म्हणजे तिथल्या ग्राहक संरक्षण बघणाऱ्या सरकारी संस्थेनं, फ्लोशी तडजोड केली, त्यात दंड एक पैचाही नव्हता. पुढे फ्लो वापरणाऱ्या बायकांनी या कंपन्यांवर कोर्टात दावा लावला. त्यात गूगल आणि फ्लोनं मिळून 5 कोटी 60 लाख डॉलर देऊन मिटवून घेतलं. फेसबुकची मालक कंपनी मेटा शेवटपर्यंत लढली आणि ऑगस्ट 2025 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्युरीनं तिला दोषी धरलं. आपल्याकडचंच उदाहरण हवं असेल तर बंगळुरूचं माया हे पाळीचं ॲप. प्रायव्हसी इंटरनॅशनल या संस्थेनं 2019 मध्ये तपासलं तेव्हा माया उघडताक्षणी, तुम्ही अटींना 'हो' म्हणायच्याही आधी, फेसबुकला खबर जात होती. बोभाटा झाल्यावर कंपनीनं तो कोड काढल्याचं सांगितलं.

मैत्रिणीनं कदाचित व्हॉट्सॲपवर फिरणारे अमेरिकेतले मेसेज वाचले असतील. तिथे जून 2022 मध्ये सुप्रीम कोर्टानं गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला, त्यामुळे तिकडच्या बायकांना चुकलेल्या तारखेची नोंद पोलिसांच्या हाती लागायची भीती वाटते. ती भीती जशीच्या तशी इथे आणायचं कारण नाही. आपल्याकडे 1971 पासून गर्भपाताला परवानगी देणारा कायदा आहे आणि आपल्या सुप्रीम कोर्टाच्या 2022 च्या निकालानंतर अविवाहित मुलींनाही तो सारखाच लागू आहे. मात्र आपला 2023 चा डेटा संरक्षण कायदा आरोग्याच्या माहितीला वेगळं, जास्तीचं संरक्षण देत नाही. पाळीची तारीख आणि पिझ्झाची ऑर्डर, दोन्ही एकाच मापात. मला हे अजिबात पटत नाही.

खरं सांगू का, आपल्या घरांत फेसबुकच्या आधी माणसंच बघतात. फोन ओट्यावर चार्जिंगला लावलेला, सासरे पाणी प्यायला आलेले, आणि स्क्रीनवर ठळक अक्षरांत "तुमची पाळी 5 दिवस लांबली आहे". म्हणून आधी लॉक स्क्रीनवरची नोटिफिकेशन बंद करा, बाकीचं नंतर.

ॲप निवडताना मी एकच गोष्ट बघते, ईमेल किंवा मोबाइल नंबर दिल्याशिवाय चालतं का. बर्लिनमध्ये तयार झालेलं ड्रिप चालतं. त्याचा कोड कुणालाही तपासता येतो आणि नोंदी फोनमध्येच राहतात. फोन हरवला की नोंदीही गेल्या, म्हणून अधूनमधून एक्स्पोर्ट करून, म्हणजे नोंदींची प्रत काढून, दुसरीकडे ठेवा. आयफोन असेल तर त्यातलं हेल्थ ॲप पुरतं. नाहीतर आईसारखं करा. आमच्याकडे कालनिर्णयवर दूध आणि सिलिंडरच्या नोंदींमध्ये एक बारीकशी फुली असायची. काय आहे ते घरातल्या बायकांनाच ठाऊक.

आहे ते ॲप काढायचं ठरवलंत तर नुसतं अनइन्स्टॉल करू नका, त्यानं सर्व्हरवरचं काही पुसलं जात नाही. आधी सेटिंगमध्ये जाऊन खातं डिलीट करा, मग ॲप काढा. अँड्रॉइडमध्ये प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये जाहिरात आयडी डिलीट करायची सोय आहे, तेही करून टाका. आणि हे सगळं करण्याआधी गेल्या वर्षभराच्या तारखा वहीत उतरवून घ्या, कारण डॉक्टरीणबाई पहिला प्रश्न "शेवटची पाळी कधी आली?" हाच विचारणार.