जुने सिनेमे ४केमध्ये पुन्हा थिएटरला लागतायत, मग रिळं जपून काय उपयोग?

तुम्ही विचारलंय की सोलापुरातसुद्धा जुने सिनेमे ‘४के रिस्टोर्ड’ (म्हणजे जवळपास चार हजार ठिपके रुंदीच्या बारीक चित्रात दुरुस्त केलेले) म्हणून परत लागतात, सगळं डिजिटल झालंय, मग रिळं सांभाळण्यावर एवढा खर्च कशाला? आणि काकांच्या बंद पडलेल्या टॉकीजमधले रिळांचे डबे घरी माळ्यावर पडून आहेत, भंगारवाला मागतोय, तर देऊन टाकू का?

देऊ नका. मी इथल्याच एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो, आधी रिळावर आणि नंतर सर्व्हरवर. दोन्हीकडे काम केलंय म्हणून सांगतो, दाखवायला डिजिटल उत्तम आहे. रीळ बदलायची धावपळ नाही, शंभराव्या खेळालाही पडद्यावर ओरखड्यांचा पाऊस पडत नाही, मुंबईत आणि बार्शीत एकाच दिवशी सारखंच चित्र दिसतं. पण सिनेमा पन्नास-शंभर वर्षं टिकवायचा म्हटलं, तर फिल्मच्या तोडीचं अजून काही आलेलं नाही.

मुळात ते ४के येतं कुठून? ‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ ला लागला होता. डिसेंबर २०२५ मध्ये तो पुन्हा आला, सेन्सॉरने बदलायला लावलेल्या मूळ शेवटासकट. त्याचं मूळ कॅमेरा निगेटिव्ह इतकं खराब झालं होतं की त्यावरून काम होईना. ७० मिमीची प्रिंट तर एकही उरली नव्हती. निगेटिव्हवरून काढलेल्या मधल्या टप्प्याच्या प्रती, ज्याला इंटरपॉझिटिव्ह म्हणतात, त्या इंग्लंडमधल्या गोदामात आणि मुंबईत सापडल्या म्हणून हा सिनेमा उभा राहिला. ते डबे कुणी अडगळ म्हणून काढून टाकले असते, तर स्कॅनरने काय स्कॅन केलं असतं?

‘मंथन’चं उदाहरण तुमच्या डब्यांच्या आणखी जवळचं आहे. गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये घालून काढलेला हा १९७६ चा सिनेमा २०२४ मध्ये आधी कान महोत्सवात आणि मग आपल्याकडे थिएटरांत दाखवला गेला. चित्र मूळ निगेटिव्हवरून घेतलं, ते पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात होतं. आवाज मात्र घेतला एका ३५ मिमी रिलीज प्रिंटवरून, जी फिल्म हेरिटेज फाउंडेशन या संस्थेने जपून ठेवली होती. रिलीज प्रिंट म्हणजे टॉकीजला यायची तीच, ओरखडे पडलेली, जोड मारलेली. काकांच्या डब्यांत असणार ती हीच वस्तू.

रीळ हातात घेतलं की कळतं. पांढऱ्या कपड्यावर धरून उजेडाकडे करा, एकेक फ्रेम साध्या डोळ्यांना दिसते, कडेला आवाजाची बारीक नागमोडी रेघ दिसते. सेकंदाला २४ फ्रेम, मिनिटाला ९० फूट. अडीच तासांचा सिनेमा म्हणजे साडेतेरा हजार फूट, चार किलोमीटरच्या वर. जुन्या काळी टॉकीजच्या मागच्या बाजूला कापलेले तुकडे पडायचे आणि पोरं ते गोळा करून उन्हात भिंग धरून बघायची. शंभर वर्षांनीही दिवा आणि भिंग असलं, तर माणूस त्यात काय आहे ते शोधून काढेल.

डिजिटलचं तसं नसतं. आमच्याकडे सिनेमाची हार्ड डिस्क यायची, सोबत किल्ली यायची, म्हणजे ठरावीक तारखेपासून ठरावीक तारखेपर्यंतच चालणारा कोड. मुदत संपली की डिस्कमध्ये सिनेमा असूनही पडदा काळाच. संग्रहालयं अशी कुलूपबंद प्रत ठेवत नाहीत हे मान्य, पण अडचण त्यांनाही चुकत नाही. फाइल वाचायला यंत्र लागतं, सॉफ्टवेअर लागतं, आणि दोन्ही पाच-दहा वर्षांत जुनी होतात. मोठ्या स्टुडिओत एलटीओ नावाच्या टेपवर साठवतात. टेप तीस वर्षं टिकेल असं सांगतात, पण नवीन पिढीचा ड्राइव्ह फार तर मागच्या एक-दोन पिढ्यांच्याच टेप वाचतो. म्हणजे दर काही वर्षांनी सगळं नव्या टेपवर उतरवायचं, तपासायचं, पुन्हा उतरवायचं, आणि हे कायम. एका वर्षी पैसे आले नाहीत की साखळी तुटली.

खर्चाचं म्हणाल, तर ऑस्कर देणाऱ्या अकादमीने २००७ मध्ये हिशेब मांडला होता. एका सिनेमाची फिल्मवरची मास्टर प्रत सांभाळायला वर्षाला १,०५९ डॉलर, आणि ४के डिजिटल मास्टर सांभाळायला १२,५१४ डॉलर. तेव्हापासून साठवण स्वस्त झालीय, पण सतत उतरवत राहायचं काम कमी झालेलं नाही. अडीच तासांच्या सिनेमाचं ४के स्कॅन बिनदाबलेल्या स्वरूपात ठेवलं, तर दहा-अकरा टेराबाइट होतं, आणि ते निदान दोन-तीन ठिकाणी ठेवावं लागतं.

फिल्मवाल्यांची एक गोष्ट मात्र मला पटत नाही. ‘फिल्म शंभर वर्षं टिकते’ असं ते सरसकट सांगतात. टिकते, पण थंड आणि कोरड्या खोलीत. सोलापूरचा मे महिना तुम्हाला माहीत आहे, पारा ४२ च्या वर जातो. पत्र्याखालच्या माळ्यावर ॲसिटेटची, म्हणजे सहज पेट न घेणारी ‘सेफ्टी’ फिल्म सडते, व्हिनेगरसारखा आंबट वास मारायला लागते, आखडते, वाकडी होते. रंगीत असेल तर रंग उडून सगळं गुलाबी-लालसर उरतं. त्याआधीची नायट्रेट फिल्म तर ज्वालाग्राही, पाण्याखालीही जळत राहते. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेटच्या साठ्याला आग लागली आणि प्रभातची मूळ निगेटिव्ह त्यात गेली. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) आज कुठेच उपलब्ध नाही. कृष्णधवल फिल्ममध्ये चांदी असते, म्हणून आपल्याकडे कितीतरी रिळं विकली गेली आणि धुऊन संपली. तुमचा भंगारवालाही बहुतेक त्याच हिशेबाने मागत असेल.

आपल्या गावाचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. त्यांच्यावर शांतारामबापूंनी १९४६ मध्ये सिनेमा काढला, तोही नायट्रेटच्याच काळातला. असा सिनेमा आज बघायला मिळतो तो कुणीतरी वेळेवर दुसऱ्या फिल्मवर उतरवून ठेवला म्हणून. पुण्याच्या संग्रहालयाचे संस्थापक पी. के. नायर यांनी नाशिकला फाळक्यांच्या घरच्यांकडून रिळं मिळवली नसती, तर ‘राजा हरिश्चंद्र’चं जे थोडंफार आज उरलंय तेही हाती लागलं नसतं.

मला सगळ्यात जास्त काळजी वेगळीच वाटते. ‘४के’ हा शिक्का हल्ली कशावरही बसतो. जुनी टीव्हीची प्रत संगणकाने फुगवायची, चेहरे मेणासारखे गुळगुळीत करायचे आणि पोस्टरवर रिस्टोर्ड लिहायचं. २०२५ मध्ये तर ‘रांझणा’ तमिळमध्ये पुन्हा लावताना शेवटच कृत्रिम बुद्धिमत्तेने बदलला, दिग्दर्शकाचा विरोध असताना. असं होत राहिलं, तर मूळ सिनेमा कसा होता, रात्रीचा प्रसंग किती काळोखा होता, रंग कुठला होता, हे ठरवायचं कशावरून? निगेटिव्हवरून किंवा चांगल्या प्रिंटवरून. फाइलमध्ये केलेला बदल दिसत नाही, फिल्मवरचा जोड बोटाला लागतो. त्यामुळे फिल्म आणि डिजिटल असं भांडण लावण्यात अर्थ नाही. स्कॅन करा, लोकांना दाखवा, आणि ज्यावरून स्कॅन केलं ते थंड खोलीत परत ठेवा. उद्या याहून चांगला स्कॅनर येईल, तेव्हा पुन्हा तिथूनच सुरुवात करावी लागेल.

आता तुमच्या डब्यांबद्दल. आधी माळ्यावरून खाली आणा आणि घरातल्या सगळ्यात गार, कोरड्या खोलीत फळीवर आडवे ठेवा, जमिनीला टेकवू नका. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, आतली आम्ल वाफ कोंडते. एकेक डबा उघडून वास घ्या, आंबट वास येणारे वेगळे ठेवा, कारण एकामुळे बाकीचे नासतात. सुती हातमोजे घालून रिळाची कड बघा, ‘सेफ्टी’ असं छापलेलं असेल तर आगीची चिंता नाही. ते नसेल आणि सिनेमा १९५० च्या दशकाच्या सुरुवातीचा किंवा त्याआधीचा असेल, तर त्या डब्याजवळ काडी, सिगारेट, दिवा काही नको, आणि खात्रीसाठी तुकडा जाळून तर अजिबात बघू नका. कुणी हौसेने प्रोजेक्टरवर चालवून दाखवतो म्हणालं तरी नको म्हणा, वाळलेली फिल्म दातऱ्यात फाटते.

मग यादी करा, डब्यावरचं नाव, रीळ क्रमांक, सेन्सॉर सर्टिफिकेटचा तुकडा असेल तर त्यावरचं वर्ष. ती घेऊन पुण्याला लॉ कॉलेज रोडवरच्या संग्रहालयाला लिहा. प्रिंट दिली म्हणून सिनेमाचे हक्क इकडचे तिकडे होत नाहीत, ते ज्याचे आहेत त्याच्याकडेच राहतात, त्यामुळे ती भीती बाळगू नका. हिंदी सिनेमाच्या प्रिंट्स भरपूर निघायच्या, मराठीच्या मोजक्या, आणि त्याच सोलापूर, पंढरपूर, अक्कलकोट अशा फिरत राहायच्या. म्हणून यादीत मराठी नावं दिसली, तर त्यांचं पत्र आधी टाका.