सोलापुरात महिनाभर राहायचंय. नाश्ता आणि बरी कॉफी कुठे मिळेल?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की कामासाठी पुण्याहून येताय, मुक्काम होटगी रोडला आहे, सकाळी नाश्ता हवा आणि संध्याकाळी लॅपटॉप घेऊन बसता येईल अशी कॉफीची जागा हवी. पुढे कंसात, 'शेंगाचटणी सोडून काही असेल तर'. तो कंस नसता तर मी उत्तराच्या भानगडीत पडलो नसतो.

आधी नाश्त्याचं उरकतो. सोलापुरात 'कुठे' विचारून उपयोग नाही, 'किती वाजता' ते विचारायचं. इडली खायची तर सहा-साडेसहाला बाहेर पडा. पूर्व भागात, म्हणजे कन्ना चौक, साखर पेठ, अशोक चौक, दत्त नगर या बाजूला, उजाडता उजाडता गाड्या लागलेल्या असतात. नऊच्या पुढे गेलात तर पातेली विसळायला घेतलेली दिसतील आणि गाडीवाला 'आत्ता उठलात व्हय' अशा नजरेनं बघेल. सुशीला मिळाली तर सोडू नका. चुरमुरे भिजवून पिळून घ्यायचे, कांदा-मिरचीच्या फोडणीत परतायचे, वर दाण्याचं कूट आणि लिंबू. तीही सकाळचीच, दुपारी तिचा लगदा होतो. भजी चारनंतर. रात्री आठनंतर पार्क चौक आणि सात रस्ता. दुपारी हे शहर जेवतं आणि आडवं होतं, आणि मे महिन्यात पारा ४२-४३ वर गेला की तुम्हीही व्हाल.

या वेळा कापडाच्या मिलनी लावून दिल्यात असं माझं ठाम मत आहे. जुनी मिल १८७७ सालची, मग नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी. पाळी सुटली की भोंगा, आणि भोंगा झाला की रस्ताभर माणसंच माणसं. माझे वडील साच्यावर, म्हणजे मागावर, होते. रात्रपाळी करून येताना कधीमधी भजी बांधून आणायचे. घरी येईपर्यंत तो कागद तेलानं असा झिरझिरीत व्हायचा की आतल्या बाजूची पेपरातली अक्षरं बाहेरून उलटी वाचता यायची. मी त्यावर बाजारभाव वाचलेत. भजीवाल्याकडं टेबलापाशी तासभर बसायचा प्रश्नच नव्हता, पाठीमागं पुढचा गडी उभा असायचा. मिल बंद पडून जमाना झाला. पूर्व भागात यंत्रमाग अजून खडखडतात, टॉवेल निघतात, चादरी निघतात, पण भोंगा गेला तो गेलाच. खायच्या वेळा मात्र त्याच राहिल्या. म्हणून 'बसायला जागा आहे का' एवढ्या एका गोष्टीवर सोलापूरला नापास करणाऱ्यांचा मला राग येतो. त्यात पहिला नंबर आमच्या साडूंचा.

साडू कोथरूडचे. माणूस वाईट नाही, पण कॉफीतलं आपल्याला कळतं अशी एक समजूत आहे. काही वर्षांपूर्वी गड्ड्याला आले होते. (संक्रांतीची सिद्धेश्वराची यात्रा. सात नंदीध्वज, अक्षता सोहळा, होम मैदानावर पाळणे आणि खाण्याचे स्टॉल. तुम्ही जानेवारीत येत असाल तर हे आपोआप कळेलच, रस्ते बंद असतात.) रात्री हुतात्मा एक्स्प्रेसनं उतरले, सकाळी आमच्याआधी उठून गॅलरीत उभे. म्हटलं चला, इडली खाऊ. स्कूटरवर घातलं आणि कन्ना चौकाकडं नेलं. थंडी होती, गाडीवर वाफ इतकी की पलीकडचा माणूस दिसेना. कागदी प्लेटमध्ये इडल्या, त्यावर पळीनं ओतलेली पातळ चटणी. साडूंनी विचारलं, ''सांबार वेगळं मिळेल का?'' गाडीवाला म्हणाला, ''सांबार नाही, चटणी घ्या की अजून.'' आणि ओतलीच. साडूंनी खाल्लं, मुकाट्यानं दुसरी प्लेटही घेतली. मग विचारलं, ''आता कॉफी कुठे?''

इथून पुढं बिनसलं. शेजारी चहाचं हॉटेल होतं. पोऱ्याला म्हटलं, बे, एक कॉफी. तो आधी माझ्याकडं बघत राहिला, मग आत ओरडला, ''एक कॉफी हाय बघा!'' आतून मालक बघायला आला कोण कॉफी पितंय ते. दूध तापवलं, त्यात पुडी फोडून टाकली, कपात आणून ठेवली, वर जाड साय. साडूंनी साय चमच्यानं बाजूला घेतली, बशीच्या कडेला लावली, एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. म्हणाले, ''हे दूध आहे.'' मी म्हटलं, होय की, म्हशीचं आहे. त्यांना ते चेष्टेनं घेतल्यासारखं वाटलं. मी माहिती देत होतो.

घरी आल्यावर बायकोनं, म्हणजे त्यांच्या मोठ्या मेहुणीनं, कॉफी ठेवली. आमच्याकडं होते तशीच: दूध आटत आलं की साखर, कॉफी, आणि वरून जायफळ. पूड नव्हे, अख्खं जायफळ बारीक किसणीवर तीन-चारदा घासायचं, तेवढंच. साडू म्हणाले, ''ताई, हे मसाला दूध झालं.'' शिवाय त्यांचा एक मुद्दा होता, जो त्यांनी तेव्हापासून प्रत्येक लग्नात आणि बारशाला सांगितलाय: कॉफी माणसाला जागं ठेवते आणि जायफळ झोपवतं, मग दोन्ही एका कपात घालून प्यायचं कशासाठी?

टाळीचं वाक्य आहे, लोक हसतात. पण आता जरा ऐका. सोलापुरात बाहेर प्यायचा तो चहा. कॉफी घरातली. आमच्या लहानपणी घरात कॉफी व्हायची ती पाहुणे आले की, मुलगी बघायला मंडळी आली की, कोणी आजारातून उठलं की, नाहीतर भजनाचं जागरण असलं की. डबा वरच्या फळीवर, आईच्या हाताला येईल आणि आमच्या येणार नाही असा. मुलगी बघायला आलेल्यांना जागं ठेवायचं की सुस्त करायचं ते मुलीकडच्यांनी ठरवायचं, त्यात कोथरूडनं पडू नये. सांगायचा मुद्दा, 'सोलापुरात बाहेर चांगली कॉफी कुठे' हा प्रश्नच उलट्या बाजूनं धरलेला आहे. चांगली कॉफी कोणाच्या तरी घरी मिळते, आणि त्यासाठी ओळख काढावी लागते. ऑफिसमध्ये जो सोलापूरकर असेल त्याच्याशी गोड बोला. आठ दिवसांत 'या की घरी' म्हणेलच. तो म्हणाला की जा, पुण्यासारखं 'बघू' म्हणू नका.

साडूंनी दुसऱ्या दिवशी बॅगेतून फिल्टर काढला. स्टीलचा, दोन मजली. सोबत पूड, ऐंशीला वीस चिकोरी. आमच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला. वरच्या भांड्यात पूड घातली, चाळणीची चकती ठेवून हलकेच दाबली, उकळी फुटून जरा निवलेलं पाणी कडेकडेनं ओतलं आणि सगळ्यांना सांगितलं, आता हात लावायचा नाही. खाली थेंब थेंब काढा पडत होता. आम्ही सगळे ओट्याभोवती उभे, माझ्या आईसकट. कुकर लावायचा होता तो थांबला. पोरांची शाळेची रिक्षा येऊन गेली. शेवटी काढा जमला, दूध घातलं, वरून खालून ओतून फेस काढला, आणि पहिला पेला आईच्या हातात दिला.

वास चांगला होता. चवही होती. ते मी नाकारत नाही.

आईनं सावकाश पिऊन संपवली, पेला खाली ठेवला आणि म्हणाली, ''चांगली झालीय. पण पाव्हण्यानं कशाला करायची?''

साडूंनी ते कौतुक म्हणून घेतलं, आजही तसंच सांगतात. आई कौतुक करत नव्हती. तिच्या लेखी कॉफी पाहुण्याला द्यायची असते, आणि पाहुणाच जर ओट्यापाशी उभा राहून घरच्यांना पाजायला लागला तर घरच्यांची पत काय राहिली? ती दिवसभर बायकोवर धुसफुसत होती.

त्या दिवशी मला एक गोष्ट सुचली नाही, ती आता लिहितो. चिकोरी म्हणजे काय? एका झाडाची मुळी, भाजून दळलेली. तिच्यात कॅफीन नसतं. काढ्याला रंग आणि दाटपणा यावा म्हणून घालतात. म्हणजे शंभरात वीस भाग मुळी घातलेली चालते, ती अस्सल कॉफी. आणि किसणीवर घासलेलं चिमूटभर जायफळ घातलं की ते मसाला दूध? कुठला न्याय हा? जायफळानं चव लपत नाही, भर तर अजिबात पडत नाही. शुद्ध कॉफीच्या गप्पा मारायच्या असतील तर आधी स्वतःच्या पुडीवर काय छापलंय ते वाचावं.

आता तुमचा कंस. शेंगाचटणी 'सोडून' म्हणताय, म्हणजे बहुतेक तुम्ही पाकिटातली खाल्लीय, कोरडी, भुरभुरीत, मिक्सरमधून काढलेली. ती आम्हीही सोडतो. खरी कुटलेली असते. भाजलेले शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, जिरं, मीठ, आणि कुटता कुटता दाण्याचं तेल सुटलं पाहिजे. मिक्सरचं पातं दाणा कापतं, मुसळ तो चेचतं, फरक तेवढाच आणि सगळा फरक तोच. बोटांत दाबली की गोळा झाला पाहिजे आणि बोटाला तेल लागलं पाहिजे, नाहीतर परत ठेवून द्या. ज्वारीची कडक भाकरी, वर घट्ट दही, बाजूला ही चटणी आणि फोडलेला कांदा. कडक भाकरी शिळी नसते. पातळ थापून, भाजून, मग मंद आचेवर वाळवतात, कितीतरी दिवस टिकते. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी असेल तर चव वेगळीच. होटेलात बसून काट्याचमच्यानं खायचा पदार्थ नव्हे हा. मोडून, कुस्करून आमटीत घाला आणि शर्ट जपा. तुम्हाला एकट्याला राहायचंय तर भाकरीचा गठ्ठा आणि पावशेर चटणी घेऊन ठेवाच, रात्री उशीर झाला तर उपाशी झोपणार नाही.

मटण खाणारे असाल तर संध्याकाळी विजापूर वेशीकडं जा. शीक, म्हणजे सळईवर भाजलेलं मटण, खा. रमजान असेल तर रात्री तिकडं पाय ठेवायला जागा नसते, तरी जा.

तिखटाचं सांगायचं राहिलं. आमच्याकडं 'मिडीयम' म्हणजे तुमच्याकडचं तिखट. पहिल्या आठवड्यात हिरोगिरी करू नका. आणि मी वर लिहिलेल्या वेळा सुट्टीच्या दिवशी थोड्या मागंपुढं होतात, सणाच्या दिवशी निम्म्या गाड्या लागतच नाहीत.

राहता राहिला लॅपटॉप. आहेत की कॅफे. होटगी रोडला आहेत, सात रस्त्याला आहेत, जुळे सोलापुरात आहेत. माझी मुलगीच जाते मैत्रिणींबरोबर. मला एकदा घेऊन गेली होती. गार हवा, मंद दिवे, खुर्ची इतकी खोल की उठायला आधार लागतो, आणि यंत्रातून काढलेली कॉफी, वर दुधाच्या फेसात बदामाच्या पानाची नक्षी. कॉफी वाईट नव्हती. तासभर बसलो, कोणी उठवलं नाही. फक्त तेवढ्या पैशात कन्ना चौकात आमच्या घरची चौघं जेवढं खातील तेवढी इडली आली असती, हे मी तिथं मोठ्यांदा बोललो, तेव्हापासून ती मला नेत नाही. तुम्हाला तिथं काही कमी पडणार नाही. साडूंनाही पडलं नसतं, पण ते आले तेव्हा त्यांना हे दाखवायला मी उठून जाणार नव्हतो.

माझी मेहुणी, म्हणजे साडूंची बायको, हे उत्तर त्यांना पाठवणारच, म्हणून इथंच सांगतो: साडूभाऊ, तुमचा फिल्टर गड्ड्याच्या गडबडीत आमच्याकडंच राहिलाय. खालच्या भांड्यात सध्या जायफळं ठेवलीत. वरचं लागत असेल तर घेऊन जा.